आधी रिकामं कोष्टक, मग प्रश्नावली: व्यवस्थापन विषयात पीएचडी करणाऱ्यांसाठी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, माझी एक विद्यार्थिनी प्रश्नावली भरून घ्यायला गेली होती. मीही सोबत होतो. ‘मोठ्या खरेदीदारांकडून आमचे पैसे वेळेवर मिळतात’ या विधानापुढे मालकांनी ‘सहमत’वर खूण केली आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत तिनं सहज विचारलं, “काका, शेवटचं पेमेंट आलं ते कुठल्या बिलाचं?” त्यांनी फाइल काढली. बिल ४ जूनचं, पैसे जमा ९ सप्टेंबरला. मोजले तर ९७ दिवस. “मग हे वेळेवर कसं?” तर म्हणाले, “मॅडम, पार्टीच नव्वद दिवसांची हाय. आठवडा मागं-पुढं चालायचंच की.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ‘वेळेवर’ म्हणजे नव्वद दिवस, कायद्याच्या लेखी जास्तीत जास्त ४५. आम्ही प्रश्नावली तशीच रेटली असती, तर शंभर-दीडशे ‘सहमत’ गोळा करून, त्यावर काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी लावून, ‘पुरवठादार समाधानी आहेत’ असा निष्कर्ष छापून मोकळे झालो असतो. असे प्रबंध आपल्या विद्यापीठांच्या कपाटांत पुष्कळ आहेत. मेहनत खरी, आकडे खरे, आणि तरी हाती काही लागत नाही.

म्हणून हा लेख. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेत पीएचडीला बसलेल्या किंवा बसू पाहणाऱ्यांसाठी तो आहे, पण एमबीएच्या प्रकल्पालाही यातलं बरंच लागू पडेल. उदाहरण एकच घेतो: कोल्हापूरच्या फाउंड्र्यांची थकणारी बिलं.

प्रवेश आणि गाइड

सध्याचे नियम यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीतले. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत. प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेवर, म्हणजे आपल्याकडच्या पेटवर. कमीत कमी कालावधी कोर्सवर्क धरून ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. फेरनोंदणी करून आणखी २ वर्षं मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी २. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, आणि त्यात ५५ टक्के गुण मिळाल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नोकरी करत पीएचडी करणार असाल तर संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ‘संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल’ हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. प्राचार्य रजेवर गेले की हे पत्र महिनाभर अडतं. आधीच घेऊन ठेवा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवरही प्रवेशाच्या दिवसापासून लक्ष असू द्या. फील्डवर्कला पैसा लागतो, आणि घरच्यांकडे तो दर महिन्याला मागणं जड जातं.

गाइड निवडणं मात्र घाईचं काम नव्हे. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे तपासायला पाच मिनिटं लागतात, तरी दरवर्षी कुणी ना कुणी इथं अडकतंच. खरी चौकशी वेगळी. शोधगंगेवर जा (गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे भांडार सगळ्यांना खुलं आहे) आणि त्या गाइडच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध वाचा. निष्कर्षाचं प्रकरण आधी वाचा. ते वाचून तुम्हाला काही नवं कळलं का? मग त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना चहाला न्या आणि एकच विचारा: प्रकरण दिलं की किती दिवसांनी परत मिळतं? नाव मोठं नसलं तरी चालेल, पण तीन आठवड्यांत लाल शेरे मारून प्रकरण परत देणारा गाइड मिळाला तर सोडू नका.

विषयाला प्रश्नचिन्ह लावा

‘कोल्हापूर जिल्ह्यातील लघुउद्योगांच्या वित्तीय समस्यांचा चिकित्सक अभ्यास’. अशी शीर्षकं आरआरसीत, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, सहज मंजूर होतात, आणि तीच पुढं गळ्याशी येतात. समस्या कुठल्या? लघुउद्योग कुठले? चिकित्सा कशाची? त्या वाक्यात उत्तर शोधावं असा प्रश्नच नाही.

आता त्याच जागेवर हे बघा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याचं कलम १५ सांगतं की सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. कायदा कडक आहे, पण ज्याच्याकडून उद्या पुन्हा ऑर्डर हवी त्याच्याकडे व्याज मागणार कोण? मग २०२३ च्या वित्त कायद्यानं १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३ब मध्ये खंड (ह) घातला. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी मिळते, आधी नाही.

इथं जरा थांबा, कारण संशोधनाचा प्रश्न या बारकाव्यातच आहे. जूनमधलं बिल सप्टेंबरात दिलं तर मुदत मोडली, पण वर्ष एकच, त्यामुळं वजावटीला धक्का नाही. दाब येतो तो ३१ मार्चला मुदत उलटून गेलेल्या बिलांवर. म्हणजे प्रश्न असा झाला: या तरतुदीनंतर पैसे वर्षभर लवकर येऊ लागले, की फक्त मार्चअखेर जुनी बिलं साफ होतात आणि जूनची पूर्वीसारखीच लांबतात?

याला प्रश्नचिन्ह आहे आणि उत्तर दोन्हीकडं जाऊ शकतं. उत्तर काहीही आलं तरी कारखानदारापासून सनदी लेखापालापर्यंत सगळ्यांना त्यात रस आहे. तुमचा विषय विमा असो, सहकारी पतसंस्था असो, इचलकरंजीचे यंत्रमाग असोत वा सांगलीचा हळद बाजार, शीर्षक काय असायचं ते असो, पण वहीच्या पहिल्या पानावर असा एक प्रश्न लिहा. तो मोठ्यानं वाचून दाखवल्यावर त्या धंद्यातला माणूस “हां, हे बघाच” म्हणाला की विषय मिळाला.

आढावा म्हणजे सारांशांची माळ नव्हे

‘अमुक (२०११) यांच्या मते… तमुक (२०१४) यांनी सांगितले…’ अशी ऐंशी पानं कुणीही वाचत नाही, परीक्षकही नाही. त्याऐवजी एक तक्ता करा. दर लेखाला एक ओळ: प्रश्न काय, माहिती कुठली, पद्धत कुठली, निष्कर्ष काय, आणि माझ्या प्रश्नाचा कुठला भाग तो सोडवत नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. चाळीस ओळी झाल्या की पोकळी कुठं आहे ते तो रकानाच सांगतो.

लेख मिळवण्याची अडचण आता बरीच कमी झाली आहे. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटून लॉगिन कसं मिळतं ते विचारा. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोमध्ये ठेवा, संदर्भ सांभाळणारं ते सॉफ्टवेअर फुकट आहे. आणि एआयनं दिलेला कुठलाही संदर्भ मूळ लेख स्वतः उघडून पाहिल्याशिवाय प्रबंधात घेऊ नका. अस्तित्वातच नसलेले लेख ते बेधडक देतं, आणि व्हायव्हात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, परीक्षकानं नेमका तोच दाखवा म्हटलं तर सहा वर्षांच्या कामावर संशय येतो.

रिकामं कोष्टक

माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रश्नावली करायच्या आधी कोरा कागद देतो. त्यावर प्रबंधातलं मुख्य कोष्टक काढायचं, आकडे न भरता. आपल्या उदाहरणात उभे रकाने बिलाच्या महिन्यांचे: एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर, ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च. आडव्या ओळी दोन: २०२२-२३ आणि २०२४-२५. प्रत्येक घरात मुदतीत मिटलेल्या बिलांचं प्रमाण. त्याखाली लिहायचं: ‘दुसऱ्या ओळीत फक्त वर्षाच्या शेवटाकडची घरं वाढली तर मार्चचा परिणाम. चारही वाढली तर खरा बदल. एकही वाढलं नाही तर माझं गृहीतक चुकलं.’

हे लिहिता येत नसेल तर गृहीतक अजून तयार नाही. ‘अर्थपूर्ण संबंध आहे’ एवढ्यानं भागत नाही. कुठल्या दिशेनं आणि काय दिसलं तर मी चूक ठरेन, हे सांगता आलं पाहिजे. आणि या कोष्टकात ज्याला घर नाही तो प्रश्न प्रश्नावलीतून काढा. मालकाचं वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती विचारायची सवय आपल्याला का लागली आहे, देव जाणे. ते कुठल्याच घरात बसत नसेल तर त्या माणसाचा वेळ खाऊ नका.

तुलनेला दुसरा गटही हवा. २०२३ नंतर पेमेंट सुधारलं असेल तर ते कायद्यामुळं की बाजार चांगला होता म्हणून? मध्यम उद्योगांना ही तरतूद लागू नाही. त्यांची बिलं त्याच काळात कशी मिटली ते शेजारी मांडा. याहून चांगली संधी आता चालून आली आहे. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटींवर आणि गुंतवणुकीची १० कोटींवरून २५ कोटींवर गेली. म्हणजे ७० कोटी उलाढालीची फाउंड्री, गुंतवणूक मर्यादेत असेल तर, एका रात्रीत ‘मध्यम’ची ‘लघु’ झाली. कारखाना तोच, माल तोच, पार्टी तीच, फक्त कायद्याचं छत्र नवं. अशा कारखान्यांची आधीची आणि नंतरची बिलं मिळाली तर त्यातून जे कळेल ते हजार ‘सहमत’मधून कळणार नाही.

एक दिवस म्हणजे नेमका कधीपासून?

मोजायचं म्हटलं की पहिली अडचण इथंच. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, चलनासोबत निघतं ती एक तारीख. बिल कधी त्याच दिवशी, कधी महिनाअखेर एकत्र. पार्टीच्या गेटवर माल उतरतो, पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पार्टीकडची नोंद, तपासणीनंतर चार दिवसांनी पडतो. त्यात पाच नग रिजेक्ट झाले तर डेबिट नोट (तेवढे पैसे कापल्याची चिठ्ठी) आणि पुन्हा चर्चा. कायदा माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतो. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर प्रत्यक्ष माल पोचल्याचा दिवस धरतात, आली तर ती हरकत मिटल्याचा. पार्टी बहुधा जीआरएनपासून मोजते, आणि मालक बिलापासून.

म्हणून माल पोचल्याची, जीआरएनची आणि बिलाची अशा तिन्ही तारखा टिपा आणि मुख्य हिशेब कशावर केला ते प्रबंधात स्पष्ट लिहा. प्रत्येक कारखान्यातून मागच्या ठरावीक काळातली पाच बिलं घ्या, पण कुठली पाच ते मालकानं ठरवायचं नाही. बिलबुकातलं दर दहावं, असा नियम आधीच करा. बिलांचे फोटो काढू नका. पार्टीचं नाव लिहू नका, ‘ख१’, ‘ख२’ असे संकेत द्या. त्या नावांवर त्यांचं पोट आहे, आणि तुमची वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

नमुना: ३८४ चं गूढ

आपल्याकडच्या निम्म्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यांत, नमुना ३८४ असतो. तो आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला, फार मोठ्या समष्टीसाठीचा (समष्टी म्हणजे ज्यांतून नमुना निवडायचा ते सगळे). त्याच तक्त्यात ३०० च्या समष्टीला १६९ आणि १०० ला ८० पुरतात. आणि हे आकडे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेल्या, निवडीसाठीचे आहेत. ओळखीच्यांना व्हॉट्सअॅपवर गुगल फॉर्म पाठवून ३८४ भरले तर त्या तक्त्याचा आधार सांगता येत नाही.

यादी मिळवा. शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा अशा संघटनांकडे विभागप्रमुखांचं पत्र घेऊन स्वतः जा, ईमेलवर विसंबू नका. यादीतले बंद पडलेले कारखाने वेगळे करा, उरलेल्यांचे आकारानुसार गट पाडा आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाका. ज्यांनी नकार दिला त्यांचीही नोंद ठेवा, कारणासह.

आणि त्या बंद कारखान्यांना विसरू नका. थकबाकीनं ज्यांना खरोखर बुडवलं, ते तुमच्या नमुन्यात येणारच नाहीत. चालू कारखान्यांचीच बिलं पाहिली तर परिस्थिती आहे त्याहून बरी दिसेल. अशा चार-पाच मालकांना शोधून काढा आणि तासभर नुसतं ऐका. त्यातून आकडा निघणार नाही, पण तुमच्या आकड्यांचा अर्थ कळेल.

फील्डवर

प्रबंध इंग्रजीत असला तरी प्रश्नावली मराठीतच हवी, आणि ती छापण्याआधी मूळ इंग्रजी न पाहिलेल्या कुणाकडून तरी पुन्हा इंग्रजीत उलटवून घ्या. ‘खरेदीदाराशी आपले संबंध समाधानकारक आहेत का’ याला सगळे होच म्हणतात, कारण आपल्याकडे संबंध वाईट आहेत असं परक्यासमोर कुणी सांगत नाही. त्यापेक्षा विचारा: ‘गेल्या वर्षभरात पैशासाठी पार्टीला फोन किती वेळा करावा लागला? कुणी केला?’ ‘उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) रद्द करा असं कुणी सुचवलं का?’ घडलेलं विचारा, मत शेवटी.

मेटल ओतायच्या वेळेला आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगाराच्या दिवशी जाऊ नका. दुपारी तीन ते पाच बरं. दहा ठिकाणी चाचणी घ्या आणि त्यानंतर प्रश्नावली बदलायची तयारी ठेवा. आमच्या विद्यार्थिनीनं चाचणीनंतर ४२ प्रश्नांतले २६ काढले. संध्याकाळी घरी आल्यावर त्याच दिवशी माहिती संगणकात भरा. दुसऱ्या दिवशी स्वतःचं अक्षर स्वतःला लागत नाही.

विश्लेषण

आकडेवारीचं एसपीएसएस हे सॉफ्टवेअर परवडत नसेल तर जामोवी किंवा जास्प वापरा, दोन्ही फुकट आहेत. कुठली चाचणी लावायची हे रिकाम्या कोष्टकानं ठरतं, सॉफ्टवेअरच्या मेन्यूनं नाही. दोन चुका मात्र मी सतत पाहतो.

पहिली सरासरीची. समजा पाच बिलं ३८, ४१, ४४, ४७ आणि १९० दिवसांनी मिटली. सरासरी ७२ दिवस. वाचणाऱ्याला वाटेल सगळीकडे मुदत मोडते. मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ४४ आहे, आणि पाचपैकी तीन बिलं ४५ दिवसांच्या आत आहेत. एका रखडलेल्या बिलानं सगळं चित्र फिरवलं. उशिराचे दिवस, पगार, उलाढाल असल्या आकड्यांत मध्यक आणि प्रमाण आधी द्या. आणि ते १९० दिवसांचं बिल टाकून देऊ नका, त्याची गोष्ट शोधा.

दुसरी चूक मोजणीची. १२० कारखान्यांतून पाच-पाच बिलं घेतली तर ६०० बिलं झाली, ६०० स्वतंत्र पुरावे नव्हेत. एकाच कारखान्याची बिलं बहुधा त्याच दोन-तीन पार्ट्यांची असतात, ती एकमेकांसारखीच वागतात. त्यांना सुटी धरून चाचणी लावली तर प्रत्येक फरक ‘अर्थपूर्ण’ दिसतो. आधी कारखान्यानुसार एक आकडा काढा, किंवा संख्याशास्त्र विभागात जाऊन बहुस्तरीय पद्धत शिकून घ्या. दुसऱ्या विभागाचं दार ठोठावायला संकोच वाटतो, पण तिथली मंडळी आनंदानं मदत करतात असाच माझा अनुभव आहे.

लिहिणं, छापणं, व्हायव्हा

साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसऱ्याचा उचलला आहे का ते पाहताना, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य निघालं तर ६ महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. शब्द उलटसुलट करून टक्का खाली आणणारे लोक गल्लीबोळांत बसले आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. स्वतःची बिलं स्वतः मोजली असतील तर लिहायला मजकूर आपोआप स्वतःचाच येतो.

शोधनिबंध छापणं २०२२ च्या नियमावलीत सक्तीचं राहिलेलं नाही, पण तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेश वेगळं सांगत असेल तर तो पाळा. दर्जेदार नियतकालिकांची यूजीसीची केअर यादीही आता बंद झाली आहे, त्यामुळं नियतकालिक पारखायची जबाबदारी तुमच्यावर आली. ‘आठ दिवसांत छापतो, फी भरा’ असा मेल आला की पुसून टाका.

प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि व्हायव्हा खुला असतो. तयारीसाठी तीन प्रश्न पुरे: गृहीतक चुकलं असतं तर कसं कळलं असतं? नकार दिलेले कारखाने वेगळे होते का? कोल्हापूरबाहेर हे लागू होईल का, आणि का? तिसऱ्याला ‘हो’ म्हणायची घाई करू नका.

आणि प्रबंध सादर करायच्या आधी एक काम करा. प्रत्येक कारखान्याला मराठीत एक पान नेऊन द्या. त्यात तुमचा निष्कर्ष चार ओळींत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांची मुदत, उशिराचं व्याज कसं मोजतात, आणि केंद्राच्या पोर्टलवर थकबाकीची तक्रार कशी नोंदवतात ते. पानाच्या मागच्या बाजूला त्यांच्याच पाच बिलांच्या तारखा आणि समोर मोजलेले दिवस, हातानं लिहून.